गड्याच्या दोन पेंढ्या

२१ इस्फंदार १३३० फसली, सांज.
तलवाडा सोडून पाटोद्याकडं आलो. सुंदररावांच्या ज्वारीच्या काढणीला लागलो. मजुरी कणसासकट पेंढ्यांत. गड्याला दोन, बाईला एक. दुपारी बांधावरून अस्वलवाला चालला होता, त्याच्यामागं थोडं गेलतो. थोडं म्हणजे पलीकडच्या गावापर्यंत. परत येतो तर माझी पात, म्हणजे माझ्या वाट्याच्या ओळी, शेजारी काढणी करणाऱ्या सारजाबाईनं आपल्या पातीसंगं कापून ठेवलेली. मुकादमानं मला दोन पेंढ्या दिल्या, तिला एक. ती म्हणाली, अस्वल तरी लई चांगलं नाचलं का रे?
मन खातंय. इरादा पक्का: उद्या एक पेंढी तिला.

२२ इस्फंदार.
देणारच होतो. पण एका पेंढीनं काय होतंय? सवाल इन्साफाचा आहे. म्हणून ती पेंढी वाण्याला देऊन गुळाची गोडीशेव घेतली आणि ती खात लिंबाखाली बसून विचार केला. पुढच्या जमान्यात बाईला गड्याइतकीच मजुरी! सुरुवात मी करणार. सारजाबाईला सांगितलं. ती म्हणाली, जमाना येईल तवा येईल. मला याच सुगीत रोज दुसरी पेंढी पायजे, न्हाईतर कडब्याबिगर माझी तांबडी गाय उन्हाळा काढायची न्हाई. इकावी लागंल.
मालकांशी बोलायचा शब्द दिला. माझी पात आजही तिनंच कापली. मी विचारात होतो.

२५ इस्फंदार.
अजून बोललो नाही. एकदा मालक जेवत होते, एकदा मी.

२६ इस्फंदार, दुपार.
बोललो! सगळ्यांदेखत, खणखणीत. सुंदरराव रागावले नाहीत, तीच पंचाईत. म्हणाले, गड्याइतकं काम करणारी बाई दाखव, उद्यापासून तिला दोन पेंढ्या. सारजाबाई विळा घेऊन पुढं झाली, म्हणाली, माझ्या पातीसंगं एका गड्याचीबी पात मीच कापते. मालक म्हणाले, कुण्या गड्याची पात कापलीस, नाव सांग. त्याला उद्यापासून सुट्टी.
ती माझ्याकडं बघत राहिली. नाव काही घेतलं नाही. शेजारचा बिभीषण म्हणाला, बोल की बे बंकट, जीभ अस्वलानं नेली का?
मी म्हणालो, मालक, जरा पाणी पिऊन येतो.

२७ इस्फंदार.
मला दोन, तिला एक. पुढल्या सुगीला नक्की बोलणार. तयारीनिशी.

७ फरवर्दी.
काढणी संपली. गाय पाटोद्याच्या बाजाराला न्यायची म्हणून सारजाबाईनं मला बोलावलं. तिच्यानं नेववत नव्हती. विचारलं, मजुरी गड्याची घेशील का बाईची? मी म्हणालो, मावशी, तुमच्याकडून काय घ्यायचं! तरी तिनं दोन पेंढ्या पुढं टाकल्या. रीत हाय म्हणाली.
वाटभर गाय मागं वळून माझ्या खांद्यावरच्या पेंढ्या ओढत होती. एक तिला घातली.
दुसरी ठेवली. पाटोद्याला गोडीशेव चांगली मिळते.