संधूंची भावकी

तायाजी, सत श्री अकाल.

काल फोनवर तुमच्यापुढं तोंड उघडलं न्हाय, म्हणून आज कागदावर भांडतोय. मला गुरुमुखी येत न्हाय, तुम्हाला मराठी. तेव्हा हे पत्र निपाणीतच राहणार.

तुम्ही म्हणालात, "रमनीत पण संधू, आपण पण संधू. एका गोताची पोरगी बहीण लागते." अहो, ती बेळगावची, मी निपाणीचा. तिच्या पणजोबाचं गावसुद्धा तुम्हाला ठाऊक न्हाय! या भागात पंजाबी घरं ती किती, त्यात मन जुळलं ते एक, आणि तेच नेमकं संधू निघालं.

गोत एवढं घट्ट, मग बापू गेले तेव्हा काय झालतं? थोरल्या पोराला भावकीतल्या वडीलधाऱ्यानं पगडी बांधायची, ही रीत तुमचीच. मी ढाबा बंद ठेवून वाट बघत बसलो. भातलावणी सोडून पंजाबातनं कुणी आलं न्हाय. शेवटी बापूंचे दोस्त, शहापूरचे विणकर परशराम आप्पा, यांनी बांधली. तीपण कोल्हापुरी फेट्यासारखी, कारण त्यांना तेवढंच येत होतं. लोक हसले, पण मी दिवसभर ती सोडली न्हाय.

लग्न म्हटलं की तुम्हाला लगेच बहीण सापडते, मयतीला मात्र एक भाऊ सापडला न्हाय. असली कसली भावकी, तायाजी?

रमनीतचे वडील म्हणतात, "तुझ्या घरातला थोरला बोलायला येऊ दे, मग बघू."

रविवारी परशराम आप्पा जाणार आहेत.

तुमच्या धाकट्या भावाचा पोरगा,
हरजोत