बाहेरची एकशेवीस मिनिटं

४ फेब्रुवारी
लेकीच्या चष्म्याचा नंबर पुन्हा वाढला. वय वर्षं आठ, नंबर पावणेतीन. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी गोळी नाही, थेंब नाही, काही दिलं नाही. म्हणाल्या, रोज दोन तास घराबाहेर, उजेडात खेळू द्या. नंबर वाढण्याला आळा बसतो, झोप-भूकही सुधारते. तीन महिन्यांनी दाखवा.

परत येताना लेकीने विचारलं, नंबर असाच वाढत गेला तर शेवटी काहीच दिसणार नाही का. मी मोठ्याने हसलो. मग तिचा चष्मा काढून दोनदा पुसून दिला.

घाबरायचं कारण नाही. मी ऑफिसात ट्रेनिंग देतो. पस्तीस मोठ्या माणसांना एका दुपारी टीमवर्क शिकवलेलं आहे. एका पोरीला खेळवणं म्हणजे डाव्या हातचा मळ.

५ फेब्रुवारी, रात्री ९
तक्ता तयार. चार रंग. वॉर्मअप १५ मिनिटं, मुक्त खेळ (माझ्या देखरेखीखाली) ४५, निसर्गनिरीक्षण ४०, फीडबॅक २०. एकूण १२०. शिट्टी आणली. साहेबांकडून तीन महिने रोज ऑफिसातून लवकर निघायची परवानगीही मिळवली.

बायकोने विचारलं, नुसतं खाली सोडलं तर नाही का चालणार. हिला प्लॅनिंगचं वावडंच आहे.

६ फेब्रुवारी
बिल्डिंगच्या मागे सात पोरं लपाछपी खेळत होती. म्होरकी तळमजल्यावरची दातपडकी. वय सात, पुढचे दोन दात गायब, तोरा मात्र चेअरमनचा. त्यांनी लेकीला लगेच घेतलं.

मी दर दहा मिनिटांनी शिट्टी मारून सगळ्यांना पाणी प्यायला बोलावलं. लपलेली पोरं आपापल्या जागेतून बाहेर आली आणि दातपडकीने सगळ्यांना एका दमात आउट केलं. केवढा वेळ वाचला! आभार कुणी मानले नाहीत.

९ फेब्रुवारी
निसर्गनिरीक्षण. प्रत्येकाने एक पान आणायचं आणि त्यावर सात प्रश्नांची उत्तरं लिहायची. पोरं चार.

१२ फेब्रुवारी
पोरं दोन. छोटी बॅच केव्हाही चांगली.

१७ फेब्रुवारी
लेक आणि मी. ती पायरीवर बसून पुस्तक वाचत होती. पण पायरी बाहेर आहे, त्यामुळे मिनिटं धरली. १२० पैकी १२०.

१९ फेब्रुवारी
साडेचार वाजले की लेकीचं पोट दुखतं. साडेसहाला थांबतं. हवामान असावं.

२० फेब्रुवारी
उत्साह वाढावा म्हणून स्वतः झाडावर चढून दाखवलं. चढलो, हे इथे स्पष्ट नोंदवतो. उतरणं हा वेगळा विषय आहे.

दोन शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून घरी आणलं. कंबर. महिनाभर पलंग.

२१ फेब्रुवारी
योजना ऐन रंगात आली होती. आता पोरीच्या डोळ्यांचं काय? दुपारी रडू आलं. कंबरेमुळे.

२७ फेब्रुवारी
खिडकीखाली संध्याकाळभर नुसता आरडाओरडा. कुणाची कार्टी आहेत कोण जाणे, आईबापांनी मोकाट सोडलेली. त्यातल्या एकीचा गळा म्हणजे सायरन. बायकोला खिडकी लावायला सांगितली. तिने लावली, पण विनाकारण हसत होती.

८ मार्च
लेकीची शिस्त पार बिघडली. अंधार पडल्यावर घरी येते. गुडघे फुटलेले, वेणीत काटक्या. जेवताना दुसऱ्यांदा वाढून घेते आणि नऊच्या ठोक्याला घोरते. तक्त्यातले रकाने रिकामे. बघवत नाही.

२३ मार्च
कामावर हजर. साहेबांनी लवकर निघायची परवानगी काढून घेतली. बाकी शिट्टी सापडत नाही. लेकीला विचारलं. माहीत नाही म्हणाली, पण छताकडे बघत.

५ मे
तपासणी. लेक एकेक अक्षर वाचत होती आणि प्रत्येक अक्षर मी तिच्याआधी मनात वाचत होतो.

नंबर पावणेतीनच. तसूभरही वाढलेला नाही.

भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले, मग बॅगेतून तक्ता काढला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, नेमकं काय केलंत. मी घसा साफ करेपर्यंत लेकीने सांगून टाकलं की बाबांची कंबर लचकली. बाई म्हणाल्या, छान, असंच चालू ठेवा.

बायको कॉरिडॉरमध्ये जाऊन हसली.

६ मे
रजा टाकली. साडेचारला खाली गेलो, रिकाम्या हाताने. सायरन वाजतच होता. बघतो तर आमचीच! मला पाहिलं आणि आवाज एकदम बंद. सगळी पोरं जागच्या जागी थिजली.

विचारलं, मला खेळायला घ्याल का. प्रमोशनच्या इंटरव्ह्यूलाही माझं तोंड इतकं कोरडं पडलं नव्हतं.

पोरांनी कोपऱ्यात मीटिंग घेतली. दातपडकीने निर्णय सांगितला. घेऊ, पण लिंबूटिंबू. म्हणजे खेळात आहे, पण धरायचं नाही. राज्य येणार नाही, आउट झालो तरी आउट नाही. थोडक्यात, मानद सदस्य.

अंधार पडता पडता, शेवटच्या डावाला, पाण्याच्या टाकीमागे लपलो. फारच उत्तम जागा. चाळीस मिनिटं कुणालाही सापडलो नाही. मग वॉचमनने येऊन सांगितलं की पोरं केव्हाच घरी गेली.

वर आलो तर लेक जेवत होती. मला बघून तिने घास तसाच हातात धरला. म्हणाली, बाबा, तुम्हाला शोधायचं राहूनच गेलं. उद्या सगळ्यात आधी तुम्हालाच शोधू.

उद्या साडेचार. साहेबांना कळवायला हवं की कंबर पुन्हा धरली आहे.