जाऊबाई

४ मार्च
पुन्हा तेच! उजव्या हातानं शिवण पुरी करून जरा टेकले, तर डावा टाके उसवत बसलेला. 'अरे, थांब' म्हणतेय, तर हा ढिम्म! शेवटी मांडीखाली दाबून धरला. शिवणकाम म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ, म्हणून आयुष्यभर मिरवलं. भोगा आता.

७ मार्च
डॉक्टर म्हणाले, मेंदूतली बारीक नस तुंबली होती, त्याचा परिणाम. "हात तुमचाच आहे, फक्त तुमचं ऐकत नाही."
"म्हणजे जाऊबाई!" मी म्हटलं. ते हसले. लेक नाही हसली. तिनं बाळाला छातीशी ओढून घेतलं.

८ मार्च
जाऊबाईंनी आज माझाच गळा चाचपला. हळूच, माप घेतल्यासारखा. भ्याले मी.

१२ मार्च
लेक म्हणाली, "आई, रागावू नकोस. बाळ जवळ असेल तेव्हा तो हात बांधायचा. नाहीतर मी त्याला घेऊन माझ्या घरी जाते." रडू आलं. पण तिचं तरी काय चुकलं?
लाल सुती पट्टीनं मनगट खुर्चीच्या दांड्याला बांधलं. लेकीनं टोक धरलं, मी आमची शिवण-कारखान्यातली गाठ मारली. ओढावी तेवढी आवळते. सोडायची खुबी लेकीलाही दाखवली नाही — दया येऊन सोडायची! डाव्याची बोटं गाठीपर्यंत पोचतच नाहीत.

१३ मार्च
बाळ माझ्या उजव्या कुशीत झोपलं. जाऊबाई दांड्यावर बोटं वाजवत बसल्या. वाजवा म्हणावं!

१५ मार्च
मनगट सोलवटलंय. उजव्यानं मलम लावलं. त्याच्याच जिवावर तर चाललंय सगळं — ही वहीसुद्धा.

१९ मार्च
दुपारी खुर्चीतच डोळा लागला. पाळणा शेजारी. जाग आली तर पट्टी सुटलेली. तुटली नव्हती — सुटलेली! नीट घडी करून मांडीवर ठेवलेली. आणि डावा हात पाळण्यात, बाळाच्या गळ्याशी.
आधी श्वास पाहिला. चालू होता. गाढ झोपलं होतं लेकरू.
लेक दारात उभी. "कुणी सोडली?"
"जाऊबाईंनी." दुसरं कोण सोडणार?

२० मार्च
हात धुताना दिसलं. लाल धागे उजव्याच्या नखांत आहेत.
डावा पुन्हा बांधलेला पाहून लेक बाळाला घेऊन आली. "उजव्या हातावर देते हं. तो तरी आपला आहे."
घेतलं.