टप उघडा, गाडी बंद

४ जानेवारी, रविवार

गाडी आली. बाबांनी स्वतः चालवत आणली, टप उघडा, डोक्यावर कानटोपी, चेहरा थंडीने लाल. दोन सीटची स्पोर्ट्स कार. एके काळी तीही लाल होती. वयाने माझ्याहून थोडी मोठी.

आजपासून ती माझी. बाबा म्हणाले, कापडी टपाला चार टाके घाल, ऑइल बदल, बाकी मस्त चालते. बाबांचा स्वभाव मुळात भोळा. गाडी नुसती चालते याला काय अर्थ आहे? करायची तर मुळापासून. घरी, आपल्या गॅरेजमध्ये, स्वतःच्या हातांनी.

३० जूनला बाबांचं लायसन्स संपतं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलंय की पुन्हा मिळणार नाही. त्यांची एकच इच्छा आहे. त्याआधी एकदा टप उघडून, याच गाडीतून तलावापर्यंत जाऊन यायचं. आईला घेऊन जायचे तसं. उभ्या आयुष्यात त्यांनी एकाही गाडीला ओरखडा आणलेला नाही. हे ते येताजाता ऐकवतात, आजही दोनदा ऐकवलं.

मी शब्द दिला. सहा महिने म्हणजे वेळच वेळ. मी ऑफिसात प्लॅनिंग विभागाचा प्रमुख आहे, हे या घरात कुणाच्या लक्षात राहत नाही. भिंतीवर रंगीत तक्ता लावला. तक्त्याप्रमाणे गाडी १५ मार्चला तयार.

बायकोची गाडी गॅरेजबाहेर, रस्त्यावर. छोटी, राखाडी, क्लचही नाही. मिक्सरसारखी: बटण दाबलं की चालते. तिला ऊन लागलं तर काही बिघडत नाही. बायको म्हणाली, बिघडतं. लक्ष दिलं नाही.

११ जानेवारी

मेहुण्याच्या मदतीने इंजिन बाहेर. मेहुणा म्हणजे बायकोचा भाऊ. दर रविवारी येणार म्हणालाय. माणूस मनाने चांगला. फक्त येताना भेट म्हणून गाडी ओढायचा पट्टा घेऊन आला. हा विनोद होता असं त्याचं म्हणणं. पट्टा पॅकिंगसकट वरच्या फळीवर टाकला. तो उघडायची वेळ येणार नाही.

बाबा संध्याकाळी जिना उतरून बघायला आले. बोनेटमध्ये वाकले, बराच वेळ वाकून राहिले. इंजिन कुठे गेलं म्हणाले. म्हटलं, कपडे वाळत घालायच्या दांडीखाली ठेवलंय, काळजी नको. ते दांडीखाली जाऊन इंजिनाकडे बघत राहिले. भारावून गेले असावेत.

२५ जानेवारी

सगळे सुटे भाग बायकोच्या प्लास्टिकच्या डब्यांत, प्रत्येकावर मार्करने नाव. असं काम शिस्तीनेच करायचं असतं. डब्यांवरून थोडी कुरबुर झाली. कणकेचा डबा परत दिला.

१ फेब्रुवारी

सगळे भाग रॉकेलमध्ये धुतले. डबेही धुतले. त्या भरात मार्करची नावं पुसली गेली. दुकानदाराने कायमचा मार्कर म्हणून विकला होता. काय म्हणायचं अशा माणसाला. पण मी फोनवर प्रत्येक भागाचा फोटो काढून ठेवलाय. माझ्यासारख्याला असं सहजासहजी कुणी कोंडीत पकडू शकत नाही.

१५ फेब्रुवारी

मेहुणा आला नाही. मागच्या रविवारीही नव्हता आला. फोन केला तर ताकास तूर लागू देईना. शेवटी बायकोकडून कळलं की त्याने नवी कोरी गाडी घेतली आणि दर रविवारी सहकुटुंब हिंडतोय. नवी! शोरूममधून! आमच्याबरोबर ग्रीसमध्ये हात घालून मग असं करायचं? केसाने गळा कापला.

एकट्याने करणार. खरं तर एकट्याने काम जास्त वेगाने होतं.

८ मार्च

गंज तपासला. यूट्यूबवरचे मास्तर (परदेशी, पण हाडाचे प्रामाणिक) म्हणतात, स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. तळाच्या पत्र्यावर टोचलं. आरपार. शेजारी टोचलं. तिथेही आरपार. मग सगळीकडेच टोचून घेतलं, म्हणजे एकदाचा सोक्षमोक्ष. तळाची चाळण झाली.

बाबा म्हणाले, मी यावर बसून आलो की जानेवारीत. तेव्हा त्याने मला पेललं. म्हटलं, बाबा, ते तुमचं नशीब. आपण नशिबावर अवलंबून राहायचं नाही.

तक्ता बदलला. नवी तारीख: ३० एप्रिल. जूनला अजून भरपूर अवकाश.

२९ मार्च

वेल्डर आला. तळ बघितला आणि कपाळाला हात लावला. ही टोचाटोची कुणी केली म्हणाला. गाडी जुनी आहे, म्हटलं. पूर्ण तळ नवा टाकावा लागेल म्हणतो. टाक म्हटलं. आला तेव्हा मला सज्जन वाटला होता.

१२ एप्रिल

दुपारी गॅरेजमध्ये गेलो तर बाबा तिथे. ड्रायव्हरची सीट लाकडी खोक्यावर ठेवली आहे, तिच्यावर बसलेले. समोर काहीच नाही, भिंत आणि माझा तक्ता. उजवा पाय खाली-वर करत होते, हवेतच स्टेअरिंग वळवत होते. मला बघून हात मांडीवर ठेवले. सीटची स्प्रिंग बघत होतो म्हणाले.

दारात बायको उभी होती, हातात चहाचे दोन कप. तिने माझ्याकडे नुसतं बघितलं. बायकोच्या बघण्याचे मला सगळे अर्थ कळतात. हा कौतुकाचा होता.

१० मे

जोडणीला सुरुवात. फोटो उघडले. फोटो नाहीत. मास्तरांचे व्हिडिओ डाउनलोड करताना फोन सारखा मेमरी भरल्याचं रडगाणं गात होता, तेव्हा मी "नको असलेलं" पुसून टाकलं होतं. नको असलेलं काय, हे फोनला कळायला नको? इतका महागडा फोन आणि ऐन वेळी तोंडघशी पाडतो. मनावर घाव बसला.

आठवणीने जोडतोय. माझी स्मरणशक्ती चांगली आहे.

१७ मे

कार्ब्युरेटर उकळला. मास्तर म्हणतात त्याप्रमाणे, मोठ्या पातेल्यात. पातेल्यावरून जे झालं ते इथे लिहीत नाही. आता हे पातेलं माझं आहे.

३१ मे

इंजिन आत. इंजिन आत! घाम, रक्त (अंगठा), सगळं दिलं. डब्यात मूठभर बोल्ट उरले. त्या काळचे कारखानेच तसे असावेत, हात सैल सोडून बोल्ट लावायचे. गाडी उलट हलकी झाली असेल.

बाबांना बोलावून दाखवलं. ते बोनेटवर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, जून लागला उद्यापासून. म्हटलं, बाबा, आता काय, दोन मिनिटांचं काम उरलंय.

१४ जून

चावी फिरवली. इंजिनने आवंढा गिळला आणि गप्प. हॉर्न दाबला तर वायपर फिरले. इंडिकेटर लावला तर हॉर्न वाजला, तो बॅटरीची तार काढेपर्यंत वाजत राहिला. शेजारच्या काकू गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या. या गाडीसाठी मी रविवार दिले, कमरेचं वाटोळं केलं, मेहुणा गमावला. आणि ती चारचौघांत माझ्यावर भुंकते.

बाबा म्हणाले, चोक जरा कमी ओढ, तिला आवडत नाही. मास्तर पूर्ण ओढा म्हणतात. पूर्ण ओढला. पेट्रोलचा वास येऊन डोकं उठलं.

२१ जून

बायको आणि बाबा यांच्यात काहीतरी चाललंय. रोज संध्याकाळी त्यांना "मोकळ्या हवेसाठी" घेऊन जाते, तिच्या त्या मिक्सरमधून, बंद कारखान्यामागच्या मैदानावर. तिथे कसली आलीय मोकळी हवा. आले की दोघं हळू आवाजात बोलतात, मी आलो की हवापाण्यावर येतात. आज जेवताना बाबांनी मध्येच विचारलं, क्लच नसला तर डाव्या पायाने करायचं काय? बायको म्हणाली, काही नाही बाबा, निवांत ठेवायचा. मला वाईट वाटलं. वय झालं की माणूस असंबद्ध बोलायला लागतो.

म्हणूनच घाई केली पाहिजे. मंगळवार ३० तारखेची रजा टाकली. साहेबांनी विचारलं, गाडी झाली का? म्हटलं, झाल्यातच जमा आहे.

२८ जून, रविवार

सुरू झाली! थोडा वेळ. मग ब्रेकचं तेल कुठूनसं गळायला लागलं. ही गाडी माझ्या वाईटावर टपलेली आहे. तरी हरकत नाही. परवाचा दिवस आपलाच.

३० जून, मंगळवार

सकाळी लवकर गाडीखाली. एकच पाइप, एकच नट. दुपारपर्यंत त्याने माझा अंत पाहिला. पाइपच्या तोंडाला बोट लावून पडलो होतो, कारण बोट काढलं की सगळं तेल खाली येणार. अशा वेळी पावलं वाजली. खालून फक्त पाय दिसत होते. बाबांचे तपकिरी बूट, गाडी चालवायचे, पॉलिश केलेले. मागे बायकोच्या सपाता.

बाबांनी विचारलं, "होईल का रे आज?"

मी म्हटलं, "होईलच. दोन मिनिटं."

बूट तिथेच थांबले. बराच वेळ. मग बूट वळले, सपाता वळल्या. मला वाटलं, चहा आणायला गेले.

बाहेर मिक्सर सुरू झाला. पहिल्याच फटक्यात. मी ओरडलो, पण बोट काढता येईना.

उन्हं उतरताना आले. बाबा ड्रायव्हरच्या बाजूने उतरले. केस विस्कटलेले, चेहरा तांबूस. बायको म्हणाली, तलावापर्यंत गेलो, जाताना येताना त्यांनीच चालवली, चारही काचा खाली करून. म्हणजे मैदानावर पंधरवडाभर हे शिकणं चाललं होतं. माझ्याच घरात, माझ्याच पाठीमागे. सख्खा बाप आणि सख्खी बायको. मला नुसतं विचारायचं तरी. बोट काढलं असतं मी.

जेवलो नाही. म्हणजे उशिरा जेवलो. नंतर बाबा गॅरेजमध्ये आले, खोक्यावरच्या सीटवर बसले. मी अबोला धरला होता. त्यांनी दरवाजाच्या पत्र्यावरून हात फिरवला.

"चालत होती रे ती गाडी," ते म्हणाले.

आवाजात राग असता तर बरं झालं असतं. ते थोडा वेळ बसले आणि झोपायला गेले.

१ जुलै

लायसन्स संपलं. गाडीवर ताडपत्री टाकली. पुन्हा हात लावणार नाही. कुणासाठीच काही करणार नाही.

२ जुलै

ताडपत्री काढली. ब्रेकचा नट बसला. बसायचाच होता तर दोन दिवस आधी का नाही बसला, एवढंच माझं म्हणणं आहे. चोक बाबा म्हणाले तसा अर्धा ओढून बघितला. सुरू झाली. हा योगायोग असणार.

५ जुलै, रविवार

हा दिवस विसरणार नाही.

सीट बसवल्या. टप उघडला (बंद होतच नाही, तो वेगळा विषय). बाबांना हाक मारली. म्हटलं, चला, तलावाला. मी चालवतो, तुम्ही शेजारी बसा. त्यांनी कानटोपी घातली, या उकाड्यात. बसले. हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं.

फाटकातून बाहेर पडलो. शेजारच्या काकूंनी हात हलवला. कोपऱ्यापर्यंत इंजिन असं गात होतं की बाबांनी डोळे मिटले. कोपऱ्यावर गाडी एकदा खोकली आणि गेली. मेलीच. चोक अर्धा, पूर्ण, नाही, सगळं केलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पेट्रोलच्या वासाने.

बायको मिक्सर घेऊन आली. वरच्या फळीवरचा पट्टा घेऊन आली. पॅकिंग तिने तिथेच, सगळ्या रस्त्यासमोर फोडलं. पट्टा अडकवला. मेहुण्याला फोटो पाठवलाच असणार.

मी स्टेअरिंगला हात घालतो तोच बाबा म्हणाले, सरक. म्हटलं, बाबा, लायसन्स. ते म्हणाले, इंजिन बंद असलेल्या गाडीला कसलं लायसन्स. असं काही आहे की नाही मला ठाऊक नाही. बाबांनी तोवर वळसा घालून माझ्या बाजूचं दार उघडलं होतं. मी सरकलो.

आणि बाबांनी गाडी चालवली. ओढत का होईना. टप उघडा, पाठ ताठ, दोन्ही हात स्टेअरिंगवर. वळणावर बाहेर हात काढून इशारा केला, मागे कुत्रंसुद्धा नव्हतं. आईला या वळणावर नेहमी भीती वाटायची, म्हणाले. तेवढंच बोलले. मी त्यांच्याकडे बघत होतो, रस्त्याकडे नाही. हिशेबाने मी शब्द पाळला होता.

फाटकाशी बायकोने मिक्सर थांबवला. बाबांनी ब्रेक दाबला. माझा ब्रेक. सकाळी दगडासारखा घट्ट होता, शपथेवर सांगतो. पाय सरळ तळाला टेकला. आम्ही सावकाश, अगदी सन्मानाने, मिक्सरच्या पाठीत शिरलो. काचेचा आवाज झाला.

बाबा उतरले. दोन्ही गाड्यांमध्ये वाकून बघितलं. राखाडीचा मागचा दिवा फुटलेला, लालचा पुढचा, आणि दोन्ही बंपरवर हा एवढा ओरखडा. मी जागचा हललो नाही. उभ्या आयुष्यात एक ओरखडा नाही, आणि आज माझ्या ब्रेकमुळे.

बायको उतरून आली. कोण चालवत होतं, तिने विचारलं.

बाबांनी कानटोपी काढली, खिशात घातली. "मी कुठे?" ते म्हणाले. "माझं तर लायसन्स संपलंय."

बायकोने माझ्याकडे बघितलं. बाबा फाटकातून आत गेले. जिन्यावर शीळ घालत होते, मी स्वतः ऐकलं.

उद्यापासून मिक्सर दुरुस्तीला. बायको म्हणते, बाहेर, मेकॅनिककडे. मी म्हटलं, मागचा दिवा तर आहे, दोन मिनिटांचं काम. तिने किल्ली माझ्यासमोर उचलली आणि बाबांकडे ठेवायला दिली.