डावीकडची विहीर

सुरभे,

उद्या बास्केटबॉलच्या फायनलमध्ये तू नागपूरच्या कॉलेजकडून उतरशील अन् समोरच्या बेंचजवळ मी उभी राहीन. वर्ध्यात पोरींची टीम उभी केली तेव्हा पंच मलेच विचारत, "बाई, कोच कुठी आहेत?" त्याच टीममधून तू गेली. "आई कोच आहे म्हणून खेळते, हे आयकून कंटाळली मी," म्हणाली. मले झोंबलं, पण अडवलं नाई.

आज प्रॅक्टिसनंतर पोरींनी विचारलं, "मॅडम, सुरभीताईले रोखाचं कसं?" मंग सांगतलं, "उजवीकून वाट देऊ नका. ती डावीकडं वळतच नाई."

काऊन वळत नाई, ते नाई सांगतलं. केळझरच्या आपल्या अंगणात रिंग लावली, तिच्या डावीकडं उघडी विहीर होती. तू बॉल घेऊन धावली का मीच ओरडायची, "उजवीकून जाय!"

हे पत्र आज धाडलं तर माह्या पोरींशी दगाबाजी होईल. म्हणून पर्समध्येच ठेवते. उद्या त्या तुले कोंडतीन, तेव्हा बेंचवरून मले ओरडता येणार नाई. इथंच ओरडून घेते.

डावीकून जाय, बाई. तिथं विहीर नाई.

तुही आई,
उद्यापुरती समोरच्या टीमची कोच