डावा हात वर करा

ता. ४ मार्च

चि. ठोंब्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद, तूर्त नाइलाजाने.

काल दाढ अर्धवट टाकून मी तुझ्या खुर्चीतून का उठले, हे तू फोनवर विचारत होतास. तेव्हा बोलले असते तर तोंडातून नको ते गेलं असतं, म्हणून लिहिते. मला किळस आली. सख्ख्या भावाच्या दवाखान्याची किळस.

ती मंद बासरी, तो अत्तराचा फवारा, छताला चिकटवलेले ढग! सगळ्यावर कडी म्हणजे तुझं ते गोड आश्वासन, की ताई, दुखलं तर डावा हात वर कर, मी लगेच थांबेन. घरात दातांचा डॉक्टर असून आजवर कुणापुढे तोंड न उघडलेली मी, त्या एका शब्दावर आडवी झाले. हात वर केला. तू म्हणालास, झालंच, झालंच. ड्रिल चालूच. तुझ्या नर्सने माझा हात धरून खाली ठेवला आणि वर कुरवाळला. मांजर आहे का मी?

लोभ आहे, सध्या फार ताणू नये.
तुझी ताई

ता. ७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू चिडणारच. पण अगदी थोडंच राहिलं होतं गं. थांबलो असतो तर तुझी धास्ती आणखी वाढली असती. सगळेच डॉक्टर असं करतात.

दाढ उघडी आहे, आत पू आहे, आणि भावोजी म्हणाले की गाल सुजलाय. हे जबड्यात पसरलं तर हॉस्पिटलात राहावं लागेल, मी घाबरवत नाही. हवं तर पूर्ण बेशुद्ध करून उरकू, तुला काही कळणारच नाही. हट्ट सोड.

राग गिळून लोभ ठेवावा.
तुझा ठोंब्या

ता. ९ मार्च

चि. ठोंब्यास, आ.

थोडंच राहिलंय हे तुला दिसत होतं. मला ढग दिसत होते.

गाल टम्म फुगलाय. तोंडाला अशी घाण येते की माझी मलाच शिसारी येते. तुझे भावोजी मान फिरवून बोलतात. तरी येणार नाही. म्हणे बेशुद्ध करतो! म्हणजे हात वर करायची सोयच काढून घेतोस. आणि दुसऱ्या कुणाकडे जावं, तर तेही तसलेच, असं तूच लिहितोस.

लोभाचं पुढे बघू.
ताई

ता. १२ मार्च

ती. ताईस,
सा. न.

काल मी नुसते हात पाहिले. नर्सला बजावलं होतं, कुणी हात वर केला की तो धरू नकोस, मला टोच. सकाळभर ती टोचत होती आणि दर वेळी माझ्या तोंडून आपोआप झालंच, झालंच बाहेर पडत होतं. आणि ती माणसं जाताना माझे आभार मानत होती! मला माझाच वीट आला.

दुपारपासून थांबतो आहे. काम रेंगाळतं, बाहेर बसलेले कुरकुरतात. ढग खरवडून काढले. ताई, ये. थांबेन असं आता म्हणत नाही. तू हात वर करून बघ.

लोभ उरला असेल तर तेवढ्यावर ये.
ठोंब्या

ता. १५ मार्च

चि. ठोंब्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद, या वेळी मनापासून.

सूज उतरतेय. तोंडाची चव मात्र गटारासारखी आहे, आणि दाढेतून काढलेला तो गाळ आठवला की उठून पुन्हा चूळ भरते. असल्या वस्तू बहिणीला कौतुकाने दाखवू नयेत.

एक सांगायचं राहिलं. काल मी हात वर केला तेव्हा काहीही दुखत नव्हतं. तू ड्रिल बाहेर काढलंस, मागे सरकलास, चकार शब्द काढला नाहीस. मी मुद्दाम हात तसाच ठेवला. लहानपणी बरणी फोडून उभा राहायचास तसे तुझे डोळे झाले होते. माझी खात्री पटली तेव्हाच मी हात खाली घेतला.

बाहेर बाकावर एक बाई पर्स पोटाशी धरून बसली होती, पांढरीफटक. तिने मला हळूच विचारलं, हात वर केला की डॉक्टर खरंच थांबतात का. माझा अर्धा ओठ मेलेला, हनुवटीवरून लाळ ओघळत होती, इतकं ओंगळ वाटत होतं की पळून जावं. पण रुमाल शोधायच्या आधी मी तिला सांगितलं, थांबतात.

लोभ होता तेवढा आहे, थोडा वाढलाही असेल.
तुझी ताई