विहारात वाचलेली माझी कादंबरी

१९ ऑगस्ट, मंगळवार. जालना

मिळाला! मिळाला!! पुण्याहून फोन आला — एलजीबीटी लेखकांच्या पुस्तकांना जो साहित्य पुरस्कार देतात, तो यंदा माझ्या कादंबरीला! कॉलेजच्या स्टाफरूममध्ये होते, बारावीचे पेपर पुढ्यात. अशी किंचाळले की प्राचार्य धावत आले. "काय झालं मॅडम?" "काही नाही सर, पाल होती."

पाल! आयुष्यातली सगळ्यात मोठी बातमी आणि मी ती पालीच्या नावावर खपवली.

ज्योत्स्ना दवाखान्यातून आली, नर्सचा ड्रेससुद्धा बदलला नव्हता, तशीच तिनं मला उचलून गरागरा फिरवलं. इतकी वर्षं एका घरात संसार करतोय आम्ही. घरमालकासाठी आणि गावी, आष्टीला, आईसाठी मात्र ती माझी "रूम पार्टनर". म्हणाली, "आता तरी आईंना सांग." बघू म्हटलं. माझं नेहमीचं बघू.

२१ ऑगस्ट

घात झाला. पेपरात आलं — "आष्टीच्या लेकीला राज्यस्तरीय साहित्य पुरस्कार". कसल्या पुस्तकांचा पुरस्कार, ते वार्ताहरानं गाळलं. लाजला असेल. दुपारपर्यंत गावच्या चौकात फ्लेक्ससुद्धा लागला! फोटो दहावीच्या निरोप समारंभातला. दोन वेण्या, लाल रिबिनी.

२७ ऑगस्ट. आष्टी

गणपतीच्या सुट्टीत गावी आले. विहारात वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातलं तीन महिन्यांचं ग्रंथवाचन, चालू आहे. रोज संध्याकाळी आई तिथे ग्रंथ वाचते. जन्मभर अंगणवाडीत पोरांना गोष्टी सांगितल्यात, आवाज खणखणीत.

आज वाचनानंतर माझा सत्कार. शाल, गुलाबाचं फूल, सगळं छान. तेवढ्यात महिला मंडळाच्या पुष्पाबाई उठल्या. "नुस्ती शाल देऊन काय करता? पोरीनं लिव्हलं काय ते ऐकू ना! उद्यापसून ग्रंथ झाला की अर्धा घंटा हिचं पुस्तक. नंदाबाईच वाचतील."

टाळ्या! नंदाबाई म्हणजे माझी आई! आणि आई म्हणते, "बराबर हाय. मी बी कुठं वाचलंय अजून?" दिवाळीत तिला दिलेली प्रत टीव्हीवर प्लास्टिकच्या पिशवीत आहे. पाहुणे आले की काढून दाखवते, परत पिशवीत ठेवते.

दोन बायकांच्या प्रेमाची गोष्ट. आई वाचणार. मोठ्यानं. विहारात!

२८ ऑगस्ट

आजचं निभावलं. शाळा, एसटी, दोघींची ओळख, एवढंच आलं. बायका पोट धरून हसत होत्या. घरी येऊन आईला सांगायला तोंड उघडलं तर म्हणाली, "फुडचं सांगू नको. मजा जाती."

२९ ऑगस्ट, शुक्रवार

आज ते पान आलं. मी चपलांपाशी बसले होते, पळायच्या तयारीत. दोघी पहिल्यांदा हात हातात घेतात आणि एक म्हणते, मला लग्न करायचं तर तुझ्याशीच. आई थांबली. चष्मा पुसला. तेच वाक्य पुन्हा वाचलं, हळू.

पुष्पाबाई म्हणाल्या, "म्हंजी... नवरा-बायकोसारखं का काय?"

आईनं मान वर केली नाही. "तसंच लिव्हलंय. ऐका."

ऐकणाऱ्यांतल्या दोघी उठून गेल्या. बाकी सगळ्या बसून राहिल्या, आणि आईनं प्रकरण पुरं केलं. मी उगाच गावात रेंगाळून उशिरा घरी गेले. आईनं भाकरी वाढली, ठेचा वाढला, बोलली एक अक्षर नाही.

३० ऑगस्ट

उठून गेलेल्या दोघींपैकी एक आज परत आली — जावेला घेऊन! अर्ध्या तासाचे तीन तास झाले, कुणी उठेना. आई अजून गप्पच.

३१ ऑगस्ट, रविवार

आज शेवटचं प्रकरण. त्यात मुलगी घरी सगळं सांगते आणि आई तिच्या नावानं अंघोळ करते — तू आम्हाला मेलीस म्हणून. आईनं तिथवर वाचलं आणि पुस्तक फाडकन मिटलं.

"हे खोटं हाय!"

सरळ माझ्याकडे बघून. भर विहारात. "बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर दाखवलं ना तू? मंग आपल्यात कव्हापसून जित्या माणसाच्या नावानं अंघोळी करून राह्यले? आन् त्या आयला कुणी इचारलं तरी का? पोरगी आपल्या मनानंच ठरवून बसली, आय अशीच करंल!"

वाचकाला रडवायचं होतं, म्हणून सिनेमात बघितलेली अंघोळ आणून आमच्या घरात घातली. बरोबर पकडली बाईनं!

"मंग काय झालं असंल वो नंदाबाई?" पुष्पाबाईंनी विचारलं.

आई उभी राहिली. पुस्तक मिटलेलंच. "पोरीनं सांगितलं. आय दोन दिस बोलली न्हाई. तिला बी जड गेलं, माणूसच हाय ती. तिसऱ्या दिशी म्हणली, तुझी ती पोरगी जेवायला काय खाती ते सांग, आन् तिला घरी कव्हा आणती ते बी सांग."

पुष्पाबाईंनी टाळी वाजवली आणि सगळ्याच वाजवायला लागल्या! सत्काराला एवढ्या नव्हत्या वाजल्या. मी चपलांच्या ढिगाशेजारी बसून हमसून हमसून रडले, अजिबात लाजले नाही. पुण्याचा पुरस्कार सोहळा अजून व्हायचाय. मला तर आजच मिळाला!

घरी येताना म्हटलं, आई, ज्योत्स्नाला उद्या फोन करते. "कर," म्हणाली, आणि गालातल्या गालात हसली. का, ते कळलं नाही.

१ सप्टेंबर

सकाळीच दारात रिक्षा. ज्योत्स्ना, बॅगेसकट! मी अजून फोनही केला नव्हता. म्हणाली, "आईंचा फोन आला होता, शुक्रवारी संध्याकाळी. विहारातून घरी पोचल्या पोचल्या केला म्हणे. म्हणाल्या — माझी पोरगी भित्री हाय, तिची वाट बघू नको. तूच ये."